रत्नागिरीतला शेवटचा रविवार: आधी संध्याकाळ ठरवा

पत्र असं आहे:

"ताई, आम्ही परभणीचे. नाताळच्या सुट्टीत चौघं कोकणात येतोय. आमचे हे मराठीचे शिक्षक आहेत, मुलगा नववीत, सासूबाई ७६ वर्षांच्या आणि मी. दापोली-गुहागर करून शनिवारी दुपारी रत्नागिरीत पोचू. सोमवारी सकाळच्या एसटीनं कोल्हापूर, तिथे अंबाबाईचं दर्शन आणि मग घर. म्हणजे रत्नागिरीसाठी रविवार एवढाच दिवस. यांनी यादी केलीय: गणपतीपुळे, मालगुंड, जयगड, आरे-वारे, उक्षीचं कातळशिल्प, रत्नदुर्ग, टिळकांचं जन्मस्थान, थिबा पॅलेस, पावस, पूर्णगड आणि जमलं तर कशेळी. म्हणतात, एवढ्या लांब आपण पुन्हा कधी येणार? सासूबाईंचे गुडघे दुखतात. त्यांना फक्त गणपतीपुळ्याच्या गणपतीचं दर्शन हवंय. मुलाला किल्ला हवाय. मला कुणी विचारलं नाही. मला एक संध्याकाळ समुद्रासमोर नुसतं बसायचंय. पण प्रत्येक प्रवासात माझा शेवटचा दिवस बॅगा भरण्यात जातो. यादी कशी बसवू, की बसवूच नको?"

ताई, तुमच्या पत्रातलं शेवटून दुसरं वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. यादीचं आपण बघूच, ते अवघड नाही. पण बॅगांचं जे लिहिलंत, त्यापासून सुरुवात करते. ते नीट झालं नाही तर यादी कितीही छोटी केली तरी रविवारी संध्याकाळी पाच वाजता तुम्ही लॉजच्या खोलीत ओले टॉवेल पिळत उभ्या असाल.

शनिवारी दुपारी रत्नागिरीत पोचल्यावर खरेदी त्याच संध्याकाळी उरका. बाजारात जायचं ते चारनंतर. दुपारी बरीच दुकानं मिटलेली असतात, उगाच पायपीट होईल. आंबापोळी, फणसपोळी, तळलेले गरे, काजू, कुळथाचं पीठ, जे घ्यायचं ते एका फेरीत घ्या. आमसुलं घेताना पाकिटावरच्या चित्रावर जाऊ नका, दोन सालं हातात घेऊन बघा. चांगलं आमसूल काळपट जांभळं असतं, बोटात दाबलं की थोडं चिवट लागतं आणि बोटाला रंग सोडतं. वर मिठाचा पांढरा थर दिसला आणि साल करकरीत मोडलं, तर पुढच्या दुकानात जा. डिसेंबरात मिळेल ते उन्हाळ्यात वाळवलेलंच असणार, त्यात वाईट काही नाही. आगळ, म्हणजे कोकमाचा घट्ट रस, घेणार असाल तर दुकानदाराला स्पष्ट सांगा, सोलकढीचं आगळ हवंय, सरबत नको. आगळात मीठ असतं, सरबतात साखर, आणि बाटल्या लांबून सारख्याच दिसतात. बाटलीच्या बुचावर प्लास्टिक बांधून घ्या, ती वेगळ्या पिशवीत ठेवा आणि एसटीत ती पिशवी पायाशी राहू दे. आगळ सांडलं तर कपड्यावरचा डाग जन्मात जात नाही.

मग शनिवारी रात्री बॅगा. आणि इथे मी थोडी कडक होणार आहे. नववीतला मुलगा स्वतःची बॅग स्वतः भरू शकतो. तुमचे यजमानही भरू शकतात. सासूबाईंची तुम्ही भरा, त्यांच्या गोळ्या आणि आधार कार्ड मात्र तुमच्या खांद्यावरच्या पर्समध्ये असू दे. रविवारचे कपडे तेवढे वर काढून ठेवायचे. गुहागरची वाळू बसलेल्या चपला जुन्या पेपरात गुंडाळायच्या. लॉजचं बिलही त्याच रात्री भरून टाका. रविवारी परत आल्यावर बॅगेत जाईल तो फक्त त्या दिवशीचा मळका जोड आणि फोनचा चार्जर, एवढंच काम शिल्लक राहायला हवं. कुणी म्हणालं, "अगं उद्या बघू," तर सांगा की उद्या संध्याकाळी मी भाट्याला आहे.

भाटये. तुमची संध्याकाळ तिथे जाईल असं मी ठरवून टाकते, कारण तुम्ही सासूबाईंना सोडून जाणार नाही हे पत्रावरून कळतं. मांडवीची जेट्टी छान आहे, थिबा पॉइंटवरून वरून दिसणारी खाडी तर फारच सुरेख दिसते. पण भाट्याचा किनारा शहराला लागून आहे, खाडीवरचा पूल ओलांडला की आलाच, आणि रस्त्यावरून सपाट चालत वाळूपर्यंत जाता येतं. पायऱ्या नाहीत. सुरूची झाडं आहेत, सावली आहे, भेळ-चहाच्या टपऱ्या हाकेच्या अंतरावर आहेत. सासूबाईंना सुरूच्या सावलीत सतरंजी टाकून बसवलं की तुमचा जीव टांगणीला लागणार नाही. तुम्ही पाण्यापर्यंत जाऊन आलात तरी त्या डोळ्यांसमोर राहतील.

त्या सुमाराला सूर्य सहा वाजून दहा मिनिटांच्या आसपास बुडतो. भाट्याला सव्वापाचला पोचायचं. साडेपाचला पोचू असं मनात धरलंत तर सहा वाजतात, हा सगळ्यांचाच अनुभव आहे, म्हणून सव्वापाच. ही वेळ आधी पक्की करा आणि बाकीचा दिवस तिच्या मागे मागे बसवत जा. आपण नेमकं उलटं करतो, सकाळपासून भरत सुटतो आणि संध्याकाळी जे उरेल ते घेतो. यादी लांब असली की संध्याकाळी काहीच उरत नाही.

भरती-ओहोटीचं गणितही घरूनच करून ठेवा. इथली जुनी माणसं तिथीवरून सांगतात. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की साधारण भरतीची वेळ निघते, सकाळी आणि संध्याकाळी दोन्हींकडे. पंचमी असेल तर पाच पाऊण म्हणजे पावणेचार. पावणेचारला भरती पूर्ण, त्यानंतर पाणी उतरू लागणार, सहाला बऱ्यापैकी ओली वाळू उघडी पडलेली असेल. दशमी असेल तर साडेसात, म्हणजे तुम्ही बसलेल्या असताना पाणी पुढे पुढे येत राहणार. हिशेबात घटकाभर इकडेतिकडे होतं, पण बसायची जागा ठरवायला तेवढं पुरतं. भिंतीवरच्या कॅलेंडरात रविवारची तिथी बघा आणि आकडेमोड मुलाला करायला द्या. पाणी उतरत असेल तर सासूबाईंनाही थोडं चालवा. कोरड्या वाळूत पाय रुततो आणि गुडघ्यावर ताण येतो. ओली वाळू घट्ट असते, तिच्यावर म्हाताऱ्या माणसालाही सहज चालता येतं.

आता यादीकडे. यजमानांनी ती मनापासून केली आहे, त्यात एकही जागा फालतू नाही. अडचण दिशांची आहे. गणपतीपुळे, मालगुंड, जयगड उत्तरेला. पावस, पूर्णगड, कशेळी दक्षिणेला. उक्षी आत, पूर्वेकडे. रत्नदुर्ग, टिळकांचं घर, थिबा पॅलेस शहरात. नकाशावर हे सगळं बोटभर अंतरात दिसतं, पण कोकणातला किनारी रस्ता एक खाडी ओलांडतो, एक डोंगर चढतो, उतरतो आणि पुन्हा खाडीवर येतो. पंचवीस किलोमीटरला तास धरायचा, नाताळच्या रविवारी त्याहून जास्त. एका दिवसात उत्तर आणि दक्षिण दोन्ही करणारे लोक मी बघते. संध्याकाळी त्यांना विचारावं तर पूर्णगडाचा दरवाजा कुठला आणि जयगडचा कुठला हे त्यांना सांगता येत नाही.

तुमच्या घरात दिशा सासूबाईंनी ठरवली आहे. ७६ वर्षांच्या बाईंनी अख्ख्या प्रवासात एकच गोष्ट मागितली आहे, तेव्हा उत्तरेलाच जायचं. पावस, पूर्णगड, कशेळी रविवारपुरतं विसरा. पावसला स्वामी स्वरूपानंदांची समाधी आहे, तुमच्या घरात त्यांची उपासना असती तर मी उलटा सल्ला दिला असता. पत्रात तसं काही नाही. जयगडही सोडा. किल्ला शास्त्री नदीच्या मुखावर आहे, सुंदर आहे, पण गणपतीपुळ्याहून आणखी उत्तरेला जाऊन परत यायचं म्हणजे अख्खी दुपार गेली. उक्षीच्या कातळशिल्पाबद्दल मात्र वाईट वाटतं. सड्यावर, म्हणजे उघड्या सपाट कातळावर, कोरलेला तो हत्ती पाहण्यासारखा आहे. २०२२ साली कोकणातल्या या कातळशिल्पांची नावं युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत गेली, त्यात उक्षी आहे. पण कातळातल्या रेषा दिसतात त्या तिरप्या उन्हात, सकाळी लवकर नाहीतर संध्याकाळी. भर दुपारी सूर्य डोक्यावर असताना तिथे गेलात तर सपाट काळा सडा दिसेल आणि मुलगा म्हणेल, यात काय आहे? सकाळ तुम्ही गणपतीला देताय, संध्याकाळ समुद्राला. मग कातळशिल्पासाठी उरते ती नेमकी चुकीची वेळ.

रविवारी सकाळी सव्वासहाला गाडी दारात हवी. अंधार असेल, थंडी फारशी नसेल, पण सासूबाईंना शाल असू दे. गाडीवाल्याला शनिवारीच सांगून ठेवा की आरे-वारे मार्गे जायचंय, निवळीमार्गे नाही. निवळीवरून महामार्गाचा रस्ता आहे, पण बराच लांबचा. किनाऱ्याचा रस्ता साखरतरचा पूल, काळबादेवी, आरे, वारे, नेवरे असा जातो आणि साधारण पंचवीस किलोमीटरमध्ये गणपतीपुळे येतं. भाडं, थांबे आणि थांबण्याचे तास, तिन्ही आधी बोलून घ्या.

इतक्या लवकर का, तर नाताळात गणपतीपुळ्याला काय गर्दी लोटते ते तुम्हाला कल्पना करून कळणार नाही. सुट्टीवरची कुटुंबं, शाळांच्या सहली, पुण्या-मुंबईच्या गाड्या. दहानंतर गाडी लावायला जागा मिळत नाही आणि रांगेत उभं राहणं सासूबाईंच्या गुडघ्यांना झेपणार नाही. सव्वासात-साडेसातला पोचलात तर शांतपणे दर्शन होईल. रविवारी संकष्टी येते का तेवढं बघा. आली तर आणखी अर्धा तास लवकर निघा.

प्रदक्षिणेचं घरीच बोलून ठेवा, कारण तिथे गेल्यावर सासूबाई ऐकणार नाहीत. इथे नुसत्या गाभाऱ्याला फेरी घालत नाहीत. देवळामागचा डोंगर हाच गणपती मानतात, म्हणून प्रदक्षिणा अख्ख्या डोंगराला, सुमारे एक किलोमीटरची. वाट बांधलेली आहे, पण चढउतार आहे. तुम्ही म्हणालात की "आई, तुमच्याच्यानं होणार नाही," तर त्या हट्टानं निघतील. त्याऐवजी नातवाला सांगा, आजीच्या नावानं तू घाल. आजी समोर बसून समुद्राकडे बघतील, नातू घामाघूम होऊन येईल आणि आजी त्याच्या डोक्यावरून हात फिरवतील. हे जमेल असं मला खात्रीनं वाटतं.

देवळासमोरच्या समुद्रात मुलाला उतरू देऊ नका. घोट्याएवढ्या पाण्यात उभं राहिला तर हरकत नाही, त्यापुढे नाही. हा किनारा पटकन खोल होतो, पाणी ओढतं, आणि तिथे बुडून माणसं गेलेली आहेत. पोहता येणारी माणसंही गेली आहेत. तलावात आणि विहिरीत पोहायला शिकलेल्या मुलाला पाण्याची ओढ म्हणजे काय ते ठाऊक नसतं. किनाऱ्यावरच्या माणसांनी, पोलिसांनी, जीवरक्षकांनी मागे व्हा म्हटलं की मागे व्हायचं. आरे-वाऱ्यालाही हाच नियम. याबाबतीत सुट्टी आहे म्हणून सूट देऊ नका.

नाश्ता तिथेच करा. उकडीचे मोदक मिळतात, ताजे असतील तर खा, सकाळचे गार झालेले घेऊ नका. घावणे-चटणी मिळाली तर सासूबाईंना तेच द्या, पोटाला हलकं.

मग मालगुंड, गणपतीपुळ्याला लागूनच. ही जागा यजमानांची. मराठीचा शिक्षक गणपतीपुळ्यापर्यंत येऊन केशवसुतांच्या घरी गेला नाही, असं कसं चालेल? कृष्णाजी केशव दामले १८६६ साली इथे जन्मले आणि १९०५ साली, चाळिशीही न गाठता गेले. तेवढ्या आयुष्यात त्यांनी मराठी कवितेची दिशा बदलली. ते कौलारू घर जपलेलं आहे आणि कोकण मराठी साहित्य परिषदेनं तिथे स्मारक उभं केलं आहे. तुम्ही आणि सासूबाई अंगणात बसा. यजमानांना आत जितका वेळ लागेल तितका लागू दे, मुलाला त्यांच्यासोबत पाठवा आणि "चला आता" म्हणू नका. यादीतल्या बाकी जागा सुटल्याचं त्यांना जे वाटणार आहे ते इथे भरून निघेल. एका जागी पोटभर वेळ मिळाला की माणूस बाकीच्यांचा हट्ट सोडतो, निदान शिक्षक तरी सोडतात.

सव्वादहाच्या सुमाराला परत निघा. येताना समुद्र उजव्या हाताला असतो, सासूबाईंना उजव्या खिडकीशी बसवा. जाताना अंधार होता, आता ऊन डोंगराकडून समुद्रावर पडलेलं असेल. आरे आणि वारे यांच्यामधला डोंगर रस्ता चढतो तिथे गाडी थांबवायला सांगा. एका बाजूला एक किनारा, दुसऱ्या बाजूला दुसरा, मध्ये डोंगराचं नाक समुद्रात घुसलेलं. वरून बघणं पुरे आहे, खाली उतरायची गरज नाही. दहा-पंधरा मिनिटं थांबा, फोटो काढा, निघा.

बाराच्या आसपास रत्नागिरीत. जेवण घरगुती खाणावळीत घ्या आणि ते शनिवारीच फोन करून सांगा, ऐनवेळी गेलात तर नाताळात जागा मिळत नाही. शाकाहारी जेवताना कुळथाची पिठी-भात, सोलकढी आणि असेल ती उसळ मागा, पनीरच्या भाज्या परभणीतही मिळतात. तुमच्यात मासे चालत असतील तर साधा बांगडा घ्या. ताजा असेल तर त्यापुढे महागड्या ताटाची गरज नाही.

जेवल्यावर तुम्ही दोघी आडव्या व्हा. खरंच व्हा, पहाटे पाचला उठला असाल. बापलेक रिक्षा करून रत्नदुर्गावर जाऊ देत. सगळ्यांनी सगळं एकत्रच बघितलं पाहिजे असं काही नाही, आणि पायऱ्यांच्या किल्ल्यावर आजीला नेऊन खाली बसवून ठेवण्यात कुणालाच सुख नाही. रिक्षा बालेकिल्ल्याच्या पायथ्यापर्यंत जाते, तिथून पायऱ्या चढून भगवती देवीचं देऊळ. किल्ला बहामनी काळातला, १६७० मध्ये शिवाजी महाराजांनी घेतला. घोड्याच्या नालासारखा त्याचा आकार, तीन बाजूंना समुद्र. तटावरून मिरकरवाड्याचं बंदर आणि त्यातल्या होड्या दिसतात. दुपारचं ऊन लागेल, टोपी आणि पाणी न्यायला सांगा. रिक्षावाल्याला थांबण्याचे पैसे ठरवूनच वर जावं, नाहीतर परत यायला रिक्षा मिळणार नाही. साडेतीनपर्यंत दोघांनी थिबा पॅलेसच्या दारात यायचं.

थिबा पॅलेस मात्र चौघांनी मिळून बघा, हा माझा आग्रह समजा. आतल्या संग्रहालयाची वेळ पाचपर्यंत असते आणि सोमवारी ते बंद असतं, म्हणून रविवारच हवा. लोक तिथे येतात, लाल इमारतीसमोर फोटो काढतात आणि दहा मिनिटांत निघतात. तुम्ही मुलाला आधी गोष्ट सांगा. थिबा हा ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा. १८८५ साली इंग्रजांनी मंडाले घेतलं आणि राजाला, राणी सुपयालतला आणि मुलींना समुद्रावरून उचलून आणलं, आधी मद्रासला आणि १८८६ मध्ये रत्नागिरीला. तेव्हा इथे रेल्वे नव्हती, पावसाळ्यात बोट बंद झाली की गाव जगापासून तुटायचं. नेमकं त्यासाठीच ही जागा निवडली. राजाला कित्येक वर्षं बंगल्यांतून ठेवलं आणि हा राजवाडा बांधून त्यात राहायला मिळालं ते १९१० साली. १९१६ मध्ये तो इथेच वारला. राणी १९१९ मध्ये मायदेशी परतली. राजाची कबर आजही रत्नागिरीत आहे. २०१२ साली म्यानमारचे राष्ट्राध्यक्ष थेन सेन मुद्दाम तिथे येऊन गेले.

वाड्यात शिरण्याआधी मुलाला भिंतीजवळ नेऊन दगडाला हात लावायला सांगा. हा जांभा. तुमच्याकडचा काळा बसाल्ट त्याला माहीत आहे, घट्ट आणि जड. जांभ्याला भोकं असतात, बोटाचं टोक आत जाईल एवढी, कडांना पिवळट मातीचा भुगा, आत गडद तांबूस. खाणीतून काढताना तो मऊ असतो, चिऱ्याच्या आकारात कापता येतो आणि वारा लागला की कडक होत जातो. आरे-वाऱ्याचा डोंगर, सकाळच्या वाटेवरचे गडगे म्हणजे कुंपणाच्या दगडी भिंती, बघितलेल्या विहिरी आणि हा राजवाडा, सगळ्यांत हाच दगड. एकदा हात लावून ओळखला की पुढच्या सगळ्या कोकणात त्याला तो दिसत राहील.

वरच्या मजल्यावर जायला जिना आहे. सासूबाईंना नको असेल तर त्या आवारात झाडाखाली बसू देत, कुणीतरी एकानं सोबत राहावं, आणि ते कुणीतरी या वेळी तुमचे यजमान असू देत.

टिळकांचं जन्मस्थान टिळक आळीत आहे, २३ जुलै १८५६ ला लोकमान्य तिथे जन्मले. घर छोटं, नीट ठेवलेलं, वीस मिनिटांत बघून होतं. साडेचारला थिबा पॅलेसमधून बाहेर पडलात तर वाटेत थांबा. पावणेपाच झाले असतील तर थांबू नका, सरळ भाट्याला चला. शनिवारी बाजाराच्या फेरीत ते उघडं दिसलं तर तेव्हाच बघून घ्या.

भाट्याला गेल्यावर कुणाला काय हवं ते तुम्ही बघायचं नाही. शनिवारीच घरात सांगून टाका: गणपतीपुळे आईंचं, मालगुंड यांचं, किल्ला बाळाचा, आणि सव्वापाच ते अंधार पडेपर्यंत भाटये माझं. असं सरळ शब्दांत सांगा. "मला काय, कुठेही चालेल" असं आपण इतक्या वेळा म्हणतो की घरातल्यांना ते खरं वाटू लागतं. तुमच्या यजमानांनी तुम्हाला विचारलं नाही त्यात दुष्टावा असेल असं पत्रावरून वाटत नाही, त्यांना विचारायचं सुचलं नसेल. तुम्ही सांगितलंत तर ऐकतील, कारण अकरा जागांची यादी करणारा माणूस घरच्यांना काहीतरी दाखवावं याच तळमळीनं ती करतो. चहा त्यांनी आणायचा, आईंच्या शेजारी मुलानं बसायचं, भेळ कुणाला तिखट आणि कुणाला गोड हेही त्यांनी बघायचं. तुम्ही पाण्याच्या कडेला बसा. फोन पर्समध्ये, पर्स यजमानांकडे.

"पुन्हा कधी येणार" याबद्दल एवढंच सांगते की कोल्हापूर-रत्नागिरी अंतर सुमारे १३० किलोमीटर आहे. पुढच्या वेळी अंबाबाईला जाल तेव्हा दोन दिवस जास्तीचे काढा आणि पावस, पूर्णगड, कशेळी ही दक्षिणेची बाजू तेवढी करा. यजमानांना यादी फाडायला सांगू नका. सुटलेल्या जागा वेगळ्या कागदावर लिहून ठेवू देत.

सोमवारच्या एसटीचं आरक्षण मात्र आत्ताच करा, नाताळानंतरच्या परतीच्या गर्दीत उभ्यानं आंबा घाट चढायला लागू नये. मधल्या आसनाच्या पुढची जागा घ्या, घाटात मागे फार हिसके बसतात. सकाळी चहा-बिस्किटांवर निघा, भरपेट नाश्ता नको, आणि आल्याचा तुकडा जवळ ठेवा. रस्त्याच्या रुंदीकरणाची कामं चाललेली असतात, तेव्हा चार तास धरूनच पुढचं ठरवा. तिकिटाचं म्हणाल तर ७५ वर्षांवरच्यांना एसटीत प्रवास मोफत आहे आणि बायकांना अर्धं तिकीट आहे. आरक्षण करताना सासूबाईंचं वय नीट घाला आणि त्यांचं आधार कार्ड, जे शनिवारी तुमच्या पर्समध्ये ठेवलंत, ते कंडक्टरनं मागितलं की लगेच काढता येईल असं वरच्या कप्प्यात असू दे.